पोळ्याला जन्मलेलं लेकरू आणि त्याच्या तीन सुया

श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी जन्मलेल्या लेकराचा हिशेब आधी मांडते. जन्मल्याबरोबर त्याला बीसीजी, पोलिओचे दोन थेंब आणि कावीळ ब ची सुई मिळायला हवी. पुढची पाळी दीड महिन्याची, म्हणजे ४२ दिवसांनी. पोळ्यापासून दसरा येतो चाळिसाव्या दिवशी. म्हणजे सोनं वाटून झालं की दोनच दिवसांनी या लेकराची पेंटाची, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांवरची पहिली सुई आली, सोबत पोलिओ, जुलाबावरची रोटा आणि न्यूमोनियाची लस. अडीच महिन्यांचा डोस दिवाळीनंतर दहाएक दिवसांनी. साडेतीन महिन्यांचा मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर गोवर-रुबेलाची सुई थेट ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर.

आता हे लेकरू बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी किंवा केजच्या एखाद्या तांड्यावर किंवा वस्तीवर जन्मलंय असं धरा. दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात उभी राहते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे थांबायचा प्रश्न नसतो. भांडी, पिठाचा डबा, कोयते, कोपीची, म्हणजे फडावरच्या झोपडीची ताडपत्री, शेळी आणि लेकरं, सगळं गाडीत चढतं. शाळेत जाणारी पोरं आजीजवळ राहतात, अंगावर पिणारं लेकरू मात्र आईबरोबर जातंच. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव. ते गावात परततं ते चैत्राच्या सुमारास. पेंटाच्या तीन सुया ज्या काळात पडायला हव्यात, तो सगळा काळ त्याने उसाच्या फडावर काढलेला असतो.

मी तीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं, त्यातली बहुतेक बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. हा हिशेब मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवला नाही. दरवर्षी चैत्रात रजिस्टर उघडलं की तो आपोआप समोर यायचा. भाद्रपद-आश्विनात जन्मलेल्या लेकरांच्या ओळी जन्माच्या डोसापुरत्या भरलेल्या आणि पुढे कोऱ्या. त्या कोऱ्या रकान्यांच्या पुढे आम्ही लाल पेनाने एकच शब्द लिहायचो, 'स्थलांतरित'. वरून विचारणा झाली की तो शब्द दाखवला म्हणजे आमची सुटका व्हायची. माझीही झाली आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते, कारण स्थलांतरित हे कुठल्या रोगाचं नाव नाही आणि सुई न मिळण्याचं कारणही नाही. लेकरू तिथेही सरकारच्याच हद्दीत होतं.

लसीकरणावर बोलणं सुरू झालं की आपल्याकडे एकच सूर लागतो. लोक अडाणी आहेत, घाबरतात, यांना सक्ती केल्याशिवाय जमणार नाही. शहरातल्या चर्चांत हा सूर जास्त ऐकू येतो, पण आमच्या जिल्हा बैठकांतही मी तो कितीदा ऐकलाय. माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यात लेकरांच्या सुया चुकतात त्या आई नाही म्हणते म्हणून फार थोड्या. सगळी योजना जागेवर बसलेल्या लेकराला धरून आखलेली आहे आणि आमचं लेकरू एका जागी नसतं, बहुतेक सुया त्यामुळे चुकतात. सक्ती करायचीच असेल तर ती आईवर नको. दवाखान्यावर, खात्यावर आणि साखर कारखान्यावर करा.

एका चैत्रातली गोष्ट सांगते. अंगणवाडीत सत्र होतं. एक बाई सात महिन्यांचं पोरगं काखेत घेऊन आली. तिच्या हातात कॅरीबॅग होती, तिच्यात आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, उचलीचा एक कागद आणि लेकराचं लसीकरण कार्ड. कार्ड इतकं नीट जपलेलं की घडीवर घाण लागलेली नव्हती. आत जन्माचे तीन डोस आणि पुढे सगळं कोरं. मी जरा रागानेच विचारलं, एवढं जपलंस, मग एक तरी सुई का नाही घेतली? ती म्हणाली, "बाई, तिथली शिस्टर एकदा आली व्हती फडाच्या कडंला. पर म्या घेतली नाई. सुई दिली की लेकरू रातभर तापतंय. सकाळी पाचला कोयता कोण धरील? खाडा पडला की दोघांचे पैसे कापतेत."

या बोलण्यात अडाणीपणा कुठे आहे? नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण बसला तर दुसऱ्याचंही काम अडतं. खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा दंड उचलीतून वळता होतो. पेंटाच्या सुईनंतर एक-दोन दिवस ताप येणं, मांडी सुजणं, लेकराने किरकिर करणं हे नेहमीचंच. आम्ही म्हणतो, काळजी करू नका, थोडा ताप म्हणजे लस काम करतेय. घरात चार माणसं असलेल्या बाईला ते वाक्य पुरतं. फडावरच्या बाईला तो ताप एक दिवसाच्या मजुरीला पडतो. तिने जे केलं तो तिच्यापुरता पक्का हिशेब होता, आणि त्या हिशेबात आम्ही एक रुपयाही टाकलेला नव्हता.

परंपरेला बोल लावणारेही खूप आहेत. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, म्हणून डोस चुकतो, असं मला एका अधिकाऱ्यांनी ऐकवलं होतं. सव्वा महिना म्हणजे अडतीसेक दिवस आणि डोस बेचाळिसाव्या दिवशी. यात अडचण कुठे येते? उलट सव्वा महिना झाला की बाळंतीण लेकराला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडते, देवाला जाते, तोच आठवडा सुईचा असतो. हे सांगून मी कितीतरी सासवांना सुनेबरोबर उपकेंद्रावर आणलंय. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या म्हातारीनेच दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कार्ड आणून दिलं, "यात बी लिव्ह" म्हणून. देवीच्या रोगाला आपल्या लोकांनी देवी म्हटलं, पुजलं आणि त्याच लोकांनी दंडावर देवी काढूनही घेतल्या. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला तो अशाच घरांच्या दंडांवर.

सक्तीचा प्रयोग मराठवाड्याने जवळून पाहिलाय. २०२१च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात कोविडची लस मागे पडली होती, म्हणून जिल्हा प्रशासनाने हुकूम काढला की निदान एक डोस घेतल्याचा दाखला नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही. साथीच्या काळात घाई होती हे मी समजू शकते. आम्ही स्वतः तेव्हा दिवसाला दोन-दोन गावं करत होतो. पण त्यानंतरच्या वर्षात मला दारोदार जे ऐकावं लागलं ते विसरता येत नाही. लेकराच्या पोलिओच्या डोसाला गेलं तरी म्हातारी विचारायची, "आता ह्यो बी नाई घेतला तर रेशन बंद करता का?" तीस वर्षं ज्या उंबऱ्यावर मला चहा मिळाला, तिथे दार अर्धं उघडून बोलणं व्हायला लागलं. लस आणि दंड या दोन गोष्टी एकदा डोक्यात जोडल्या गेल्या की त्या सोडवायला फार वेळ लागतो. त्याची किंमत कोविडशी काही संबंध नसलेल्या तान्ह्या लेकरांनी मोजली.

शाळेत नाव घालताना लसीकरणाचा दाखला मागा, अशी सूचनाही वरचेवर येते. डांग्या खोकला जीव घेतो तो मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या लेकरांचा. सहा वर्षांच्या पोराला दाखला विचारून त्या लेकराचं काय भलं होणार? आणि ज्या पोराची शाळा आधीच फडापायी सुटते, त्याच्यापुढे आणखी एक दार बंद करायचं का?

मग सक्ती कुठे करायची? सुरुवात जन्माच्या चोवीस तासांपासून. कारण आयुष्यातली ही एकच वेळ अशी असते की लेकरू, लस आणि सुई टोचणारा हात तिन्ही एकाच छपराखाली असतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात ९४-९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस दवाखान्यात जेवण-औषधासकट मोफत राहण्याची सोय २०११ पासून आहे. असं असूनही जन्माचा कावीळ ब चा डोस देशभरात दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या मानाने कितीतरी मागे राहत आलाय. म्हणजे लेकरू दवाखान्यात होतं, आई तिथे होती, लसही फ्रिजमध्ये होती, तरी सुई पडली नाही. या चुकीत आईचा वाटा शून्य.

माझ्या भाचीचं बाळंतपण तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं, शनिवारी रात्री. रविवारी मी विचारलं, कावीळ ब दिली का? उत्तर आलं, लस इथे ठेवत नाही, सोमवारी सरकारीत घेऊन जा. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सरकारीत गेलो तर आज बीसीजीचा वार नाही म्हणाले. शेवटी सहाव्या दिवशी सगळं झालं. पोलिओ आणि बीसीजी सहाव्या दिवशी चालतात. कावीळ ब ची ती सुई मात्र चोवीस तासांसाठी असते, ती वेळ निघून गेली होती. भाचीच्या घरात फ्रिज आहे, गाडी आहे आणि मी आहे. ज्या बाईला यातलं काहीच नाही, तिने सोमवारनंतर पुन्हा चक्कर मारली असती का?

यामागे एक तांत्रिक सवय आहे, ती सांगितल्याशिवाय हा दोष कळणार नाही. बीसीजीची कुपी दहा डोसांची असते आणि एकदा विरघळवली की चार तासांत फेकून द्यावी लागते. एका लेकरासाठी कुपी फोडली तर नऊ डोस वाया जातात. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब महिन्याच्या अहवालात विचारला जातो, चुकलेल्या लेकराचा तितक्या कडकपणे विचारला जात नाही. म्हणून सिस्टर वाट बघते, आणखी चार-पाच लेकरं जमू देत, ठरल्या वारी देऊ. बीसीजीचं हे मी एक वेळ समजून घेईन. पण कावीळ ब ची कुपी उघडल्यावर, तापमान नीट राखलं तर, २८ दिवस वापरता येते. तिच्यासाठी वार पाहायचं काही कारणच नाही. तरीही ती बीसीजीच्या गळ्यात बांधली गेलीय, कारण दोन्ही 'जन्माच्या सुया' आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये. रात्री झालेलं लेकरू सकाळपर्यंत थांबतं, कारण आयएलआरच्या, म्हणजे लसीच्या फ्रिजच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो घरी गेलेला असतो. वजन थोडं कमी असलेल्या, पण धडधाकट लेकरालाही 'नंतर देऊ' म्हणून पाठवलं जातं. बाळंतकक्षातच एक छोटं व्हॅक्सिन कॅरियर ठेवलं आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ती सुई द्यायचा अधिकार लेखी दिला, तर यातलं निम्मं आपोआप सुटेल. आणि डिस्चार्ज कार्डावर त्या डोसाची वेळ लिहिल्याशिवाय, खाजगी असो की सरकारी, कुठल्याही दवाखान्याला बाळंतपणाची नोंद पूर्ण करता येऊ नये. सरकारी लस खाजगी दवाखान्यांना मोफत पुरवून नोंद घेण्याची पद्धत काही महापालिकांत आहेच, ती तालुक्यापर्यंत आणावी.

या सुईबद्दल हल्ली एक नवा मेसेज फिरतोय. अमेरिकेत २०२५च्या डिसेंबरात तिथल्या लसविषयक सल्लागार समितीने सगळ्या नवजातांना कावीळ ब ची सुई देण्याची जुनी शिफारस मागे घेण्याच्या बाजूने मत दिलं. ज्या आईची तपासणी निगेटिव्ह आहे तिच्या लेकराचा निर्णय आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. तेवढं तोडून मेसेज येतो, 'अमेरिकेने बंद केली, आपल्याला कशाला?' तिथल्याही अनेक बालरोगतज्ज्ञांना हा निर्णय पटलेला नाही, हे मेसेजमध्ये नसतं. पण तो वाद तिथेच राहू द्या. आमच्याकडचं चित्र बघा. फडावरून ऐनवेळी बाळंतपणाला आलेल्या बाईची एचबीएसएजी, म्हणजे कावीळ ब ची रक्ततपासणी झालेली असेलच याची खात्री कोण देणार? तपासणी झाली तरी रिपोर्ट एका गावात आणि बाळंतपण दुसऱ्या. हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून लेकराला लागला तर दहापैकी नऊ लेकरांत तो कायमचा घर करतो. मोठ्या माणसाला लागला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तसं होतं. लेकरू वरून ठणठणीत दिसतं, तीस-चाळीस वर्षांनी यकृत सुकतं किंवा यकृताचा कॅन्सर होतो, आणि तोवर त्या जन्माच्या रात्रीची कुणाला आठवणही राहत नाही. तपासणीचं जाळं जिथे फाटकं, तिथे ती सुई हाच आधार आहे. ती काढून घेण्याची भाषा करणाऱ्याने आधी एकदा आमचं रजिस्टर चाळावं.

जन्माचं एवढं झालं की प्रश्न उरतो त्या तीन सुयांचा. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे काम आपण आधी करून दाखवलंय. पल्स पोलिओ १९९५ला सुरू झालं तेव्हापासून वीटभट्टी, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, जत्रा, फड, कुठलीही जागा आम्ही सोडली नाही. कोपीकोपीत जाऊन थेंब पाजले, डाव्या करंगळीला शाई लावली, संध्याकाळी शाई न लागलेलं लेकरू शोधत पुन्हा फिरलो. रात्री बैलगाड्या अड्ड्यावर, म्हणजे ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांच्या तळावर परत यायच्या वेळेला हातात टॉर्च घेऊन उभं राहिलोय. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त ठरला. तेव्हा कुणी 'स्थलांतरित' लिहून सुटत नव्हतं. लेकरू जिथे आहे तिथली जबाबदारी, असा एकच नियम होता. तो नियम फक्त दोन थेंबांपुरता का राहिला? त्यात सुई टोचायची असते, शीतसाखळी सांभाळायची असते, अर्धा तास थांबायचं असतं, काम अवघड आहे हे मला माहीत आहे. पण हंगामातल्या सहा महिन्यांत एका अड्ड्यावर महिन्याला एक फेरी म्हटली तरी पोळ्याला जन्मलेल्या लेकराच्या तिन्ही सुया होतात, कारण दोन डोसांमध्ये चार आठवडेच लागतात. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे.

अडचण माहितीची आहे असंही आम्हाला सांगितलं जातं. कोणती टोळी कुठे आहे ते कळत नाही म्हणे. हे मला मुळीच पटत नाही. कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसला प्रत्येक टोळी कुणाच्या फडात आहे, काल किती टन ऊस तोडला, किती खेपा झाल्या, मुकादमाचं नाव काय, हे सगळं रोज संध्याकाळी कळतं. फडावर नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला तर तोंडपाठ असतं. टनाचा हिशेब किलोपर्यंत लागतो आणि त्याच टोळीत अंगावर पिणारी लेकरं किती, हे कुणीच लिहीत नाही. प्रत्येक हंगामाला कारखान्याला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याच्या अटींत दोन ओळी वाढवा. एक, टोळी नोंदवताना दोन वर्षांखालच्या लेकरांची यादी घेऊन ती पंधरा दिवसांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यायची. दुसरी, महिन्यातून एक दिवस संध्याकाळी अड्ड्यावर सत्रासाठी जागा, दिवा आणि पाणी द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आईचा खाडा धरायचा नाही. मुकादमाने कापलेच तर तेवढे पैसे कारखान्याने किंवा ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने तिला द्यायचे. महामंडळ गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने उभं आहे. एका दिवसाच्या मजुरीपायी त्यांच्याच जिल्ह्यातली लेकरं पेंटाविना राहावीत, हे बघून मला वाईट वाटतं.

खाड्याच्या पैशांवर लोक हरकत घेतात, लस घ्यायला पैसे द्यायचे का म्हणून. मी लसीचे पैसे मागत नाही. नोकरदार आईला बाळंतपणाची सहा महिने पगारी रजा कायद्याने मिळते. फडावरच्या आईला सुईच्या तापाचा एक दिवस मागतेय.

आणखी एक गाठ सोडवायला हवी, ती आमच्याच खात्याची. पहिलं बाळंतपण माहेरी. लेकराची नोंद माहेरच्या उपकेंद्रात. तीन महिन्यांनी ती सासरी येते, तिथली आशाताई म्हणते ही आमच्या यादीत नाही. माहेरची म्हणते, ती गेली. मग दसऱ्याला दोन्ही गावं सोडून लेकरू तिसऱ्याच तालुक्यात. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की आशाताईला १०० रुपये, असा माझ्या नोकरीतला दर होता. पूर्ण झालं की, हे शब्द नीट वाचा. तीन गावांत वाटल्या गेलेल्या लेकराचं लसीकरण एका आशाताईच्या हातून पूर्ण होणारच नाही, म्हणजे त्याच्यामागे धावून कुणालाच काही मिळणार नाही. आशाताई पैशासाठी काम करते असं मला म्हणायचं नाही, मी त्यांना उन्हात डोक्यावर ओला रुमाल टाकून फिरताना पाहिलंय. पण मोबदला डोसागणिक ठेवा, जिथे पडेल तिथल्या बाईला द्या, मग बाहेरून आलेलं लेकरू डोईजड वाटणार नाही.

यू-विन हे लसनोंदणीचं सरकारी पोर्टल आलंय, कोविडच्या कोविनच्या धर्तीवर. देशात कुठेही लस घेतली तरी नोंद एकाच जागी. चांगली गोष्ट आहे, आमच्या वेळेला असती तर कितीतरी वह्या वाचल्या असत्या. पण नोंद मोबाइल नंबरवर आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात. हंगामात रिचार्ज संपतो, नंबर बदलतो. आणि नोंद कुठेही होत असली तरी लसीचा डबा फडावर आपोआप जात नाही, तो कुणीतरी पाठीवर घेऊन जावा लागतो.

सरासरी चांगली दिसतेय, मग एवढा आटापिटा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडंसं. पूर्ण लसीकरण झालेल्या लेकरांचं प्रमाण महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ५६ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर गेलं, ही खरोखर मोठी मजल आहे. देशाची सरासरी मात्र तेव्हा ७६ होती, म्हणजे आपण तिच्याही खाली. पुण्यात बनलेली लस जगभर जाते आणि पुण्यापासून चार-पाच तासांवरच्या बालाघाटातल्या लेकरापर्यंत वेळेवर पोचत नाही. सरासरीतली उरलेली लेकरं राज्यभर विखुरलेली नसतात, ती एका ठिकाणी गोळा झालेली असतात. २०२२ला मुंबईत गोवंडीत गोवर उसळला तो अशाच गर्दीच्या, सुया चुकलेल्या वस्तीत, आणि लेकरं दगावली. गोवर थोपवायला शंभरातल्या ९५ लेकरांना लस लागते. एका अड्ड्यावर शंभर-दीडशे कोप्या, प्रत्येकीत एखादं लहान लेकरू. तिथे गोवर निघाला तर राज्याची सरासरी त्या कोपीच्या दाराशी उभी राहणार आहे का?

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट अजून मनात आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक बाई चाळीस दिवसांचं लेकरू घेऊन आली. उद्या गाडी येणार होती. सुईला दोन दिवस कमी होते, सहा आठवड्यांच्या आत पेंटा देता येत नाही. मी कार्डावर पुढची तारीख घातली आणि नेहमीसारखं समजावलं, कोणती लस, काय त्रास होईल, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेव. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तारीख कळली बाई. पर तवा आमी कुटं असूत?" कार्डावर तारखेला रकाना आहे, ठिकाणाला नाही. मी मागच्या बाजूला माझा मोबाइल नंबर लिहून दिला.

कार्तिकात तिचा फोन आला, मुकादमाच्या मोबाइलवरून. कारखान्याचं नाव सांगितलं, गावाचं तिला सांगता येईना. मी त्या भागातल्या आरोग्य केंद्राचा नंबर मिळवला. त्यांनी दुसरा दिला, दुसऱ्याने तिसरा. पाचव्या फोनला एक सिस्टर भेटली, ती म्हणाली, ताई, उद्या माझं सत्र त्याच शिवारात आहे, पाठवा. दुसऱ्या दिवशी लेकराला पहिली सुई मिळाली. महिन्याने तिथेच दुसरी. तिसरीच्या वेळेला टोळी कर्नाटकात उतरली होती, आणि तिथलं उपकेंद्र कोणतं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.